नवी मुंबईतील सौर जलतापन आणि नगररचनेतील संघर्ष

नवी मुंबईतील सौर जलतापन आणि नगररचनेतील संघर्ष हा विषय इमारतींना लागणारी उष्णता शाश्वत मार्गाने कशी पुरवावी आणि त्यासाठी गच्चीची जागा कोणी व कशी वापरावी यासंबंधीच्या वादांचा आहे. थंड हवामानाच्या देशांत इमारतींचे तापन म्हणजे प्रामुख्याने खोल्या उबदार ठेवणे होय. कोकण किनाऱ्यावरील नवी मुंबईत त्याची गरज भासत नाही. येथे घरगुती उष्णतेची मागणी मुख्यतः आंघोळीच्या पाण्यासाठी असते. रुग्णालये, उपाहारगृहे, वसतिगृहे आणि हॉटेले यांना ती मोठ्या प्रमाणावर लागते. ही गरज वीज, नळाचा वायू, बाटलीतला वायू किंवा सूर्याची उष्णता यांपैकी कशानेही भागवता येते. सौर उष्णतेसाठी गच्चीवर ऊन व मोकळी जागा लागते आणि उंच होत जाणाऱ्या शहरात नेमकी हीच गोष्ट दरडोई कमी होत आहे.

== पार्श्वभूमी ==

मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. शहराच्या उभारणीसाठी १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची स्थापना झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या प्रकल्पासाठी अधिसूचित करण्यात आली. सुरुवातीच्या दशकांत वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, कोपरखैरणे या नोडांमध्ये सिडकोने बांधलेली घरे बहुतांशी बैठी किंवा चार-पाच मजली होती. कोरिया यांनी बेलापूर येथे उभारलेली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत कमी उंचीच्या घरांच्या त्या विचाराची प्रसिद्ध खूण मानली जाते.

१ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. त्यामुळे शहराच्या नियोजनाचे अधिकार विभागले गेले. बहुतांश भूखंड सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत बांधकामाची परवानगी महानगरपालिका देते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे नियोजन प्राधिकरण आहे. विजेचे वितरण महावितरणकडे, तर नळाच्या वायूचा पुरवठा महानगर गॅस लिमिटेडकडे आहे. इमारतीला उष्णता कुठून मिळावी, या प्रश्नाचा संबंध या सर्वांशी येतो. परंतु त्याचे एकत्रित नियोजन करणे हे यांपैकी कोणा एकाचे काम नाही.

नवी मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये आपली पहिली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. त्यानंतरची जाहीर चर्चा प्रामुख्याने सिडकोच्या ताब्यातील भूखंडांवर महापालिकेने दर्शवलेल्या सार्वजनिक आरक्षणांभोवती फिरली. जमिनीवरील या वादाच्या तुलनेत गच्च्यांच्या वापराचा प्रश्न दुय्यम राहिला.

== नियमांची चौकट ==

राज्याच्या बहुतांश भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (युडीसीपीआर) नवी मुंबईलाही लागू आहे. या नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील इमारतींत सौर जलतापन संयंत्र किंवा गच्चीवरील सौर वीज संयंत्र बसवणे बंधनकारक आहे. त्यासाठी गच्चीच्या किमान २५ टक्के क्षेत्राचा वापर करावा लागतो आणि गच्चीची रचना प्रति चौरस मीटर किमान ५० किलोग्रॅम अतिरिक्त भार पेलेल अशी असावी लागते. रुग्णालय, हॉटेल, वसतिगृह अशा वापरांसाठी गरम पाण्याच्या क्षमतेचे निकष वेगळे दिलेले आहेत.

याच नियमावलीत हरित इमारतीचे मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पांना वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक देण्याची तरतूद आहे. म्हणजेच पर्यावरणपूरक बांधकामाचे बक्षीस अधिक बांधकामाच्या रूपाने दिले जाते.

केंद्र सरकारच्या धोरणाचा कलही काळानुसार बदलला. २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर तापक क्षेत्राचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्या काळात सौर बंबांना अनुदान मिळत असे. हे अनुदान २०१४ मध्ये थांबले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' जाहीर झाली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या घरगुती सौर वीज संयंत्राला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये दिले जातात. सौर बंब या योजनेत येत नाहीत. एकाच गच्चीवर एका संयंत्राला अनुदान आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली आहे.

== गच्चीचे गणित ==

या वादाचे मूळ साध्या आकडेमोडीतून स्पष्ट होते. १०० लिटर पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे ३.५ युनिट ऊर्जा लागते. लहान कुटुंबाच्या सकाळच्या आंघोळीची गरज साधारण इतकी धरता येते. तेवढे पाणी तापवणाऱ्या सौर बंबाला सुमारे २ चौरस मीटर तापक क्षेत्र लागते. दुसरीकडे, १ किलोवॉट क्षमतेच्या सौर वीज संयंत्राला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे सौर वीज तयार करून ती साध्या गीझरमध्ये वापरली, तर तेवढ्याच पाण्यासाठी सौर बंबाच्या चारपट ते पाचपट जागा लागते.

उदाहरणादाखल दोन इमारतींची तुलना करता येईल. तळमजला अधिक तीन मजले आणि १६ सदनिका असलेल्या जुन्या इमारतीची गच्ची २५० चौरस मीटर धरल्यास प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला १५ चौरस मीटरहून अधिक गच्ची येते. पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या ३० मजली, १२० सदनिकांच्या मनोऱ्याची गच्ची ५०० चौरस मीटर धरली, तरी प्रत्येक कुटुंबाचा वाटा सुमारे ४ चौरस मीटरच असतो. त्यातून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची यंत्रखोली, जिना, आगीच्या वेळी लागणारी मोकळी जागा आणि कठड्यांची सावली वजा करावी लागते. नियमाप्रमाणे २५ टक्के, म्हणजे १२५ चौरस मीटर जागा सौर बंबांना दिल्यास, दोन रांगांमधले अंतर न धरताही ती सुमारे ६० कुटुंबांना पुरेल. तीच जागा सौर विजेला दिली तर दिवसाला सुमारे ५० युनिट वीज मिळेल, तर १२० कुटुंबांच्या गरम पाण्याची गरज ४२० युनिटांची असेल.

टक्केवारीचा नियम दोन्ही इमारतींना सारखाच दिसतो. मात्र गच्चीची टक्केवारी कायम ठेवून तिच्याखालील कुटुंबांची संख्या वाढत गेली, की त्या नियमाचा प्रत्यक्ष लाभ दर कुटुंबामागे घटत जातो.

== संघर्षाचे मुद्दे ==

=== पुनर्विकास आणि उंची ===

सिडकोने बांधलेल्या अनेक इमारती मोडकळीस आल्याने त्यांच्या पुनर्विकासाची मागणी दीर्घकाळ होत होती. २०१५ मध्ये राज्य सरकारने नवी मुंबईतील अशा इमारतींसाठी २.५ चटई क्षेत्र निर्देशांकाला मान्यता दिली. धोकादायक घरांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी हा निर्णय जिव्हाळ्याचा होता. वाढीव क्षेत्रातील सदनिका विकूनच विकासक मूळ रहिवाशांना विनामूल्य मोठे घर देऊ शकतो. म्हणून उंची हा पुनर्विकासाच्या अर्थकारणाचा आधार आहे. गच्चीच्या दृष्टीने मात्र तीच मर्यादा ठरते. सिडकोने २०२४ मध्ये रेल्वे स्थानके व महामार्गांजवळील सुमारे २६ हजार घरांची योजना जाहीर केली. परवडणारी घरे लहान व इमारती उंच असल्याने तेथेही एका गच्चीखाली राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी असते.

=== शेजाऱ्याची सावली ===

एका भूखंडावर मनोरा उभा राहिला, की शेजारच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर दिवसाचा काही काळ सावली पडते. तेथे आधीपासून असलेले सौर संयंत्र त्यामुळे कमी काम करते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार २० वर्षांच्या अखंड उपभोगानंतर इमारतीला उजेड व हवा मिळण्याचा हक्क प्राप्त होऊ शकतो. परंतु ही तरतूद इमारतीत येणाऱ्या उजेडासाठी आहे. गच्चीवरील संयंत्रावर पडणाऱ्या थेट उन्हाला तिने वेगळे संरक्षण दिलेले नाही. दोन इमारतींमधील अंतराचे नियमही प्रामुख्याने वायुवीजन, प्रकाश आणि अग्निसुरक्षा डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. त्यामुळे आपली संस्था पुनर्विकासात कधी जाणार, यावर शेजारच्या संस्थेच्या सौर गुंतवणुकीचे भवितव्य अवलंबून राहते.

=== 'किंवा' या शब्दाचा परिणाम ===

नियमात सौर जलतापन 'किंवा' सौर वीज असा पर्याय असल्याने निवड विकासकाच्या हाती राहते. सौर बंबासाठी गच्चीपासून प्रत्येक न्हाणीघरापर्यंत उष्णतारोधक आवरण घातलेली स्वतंत्र नळवाहिनी लागते. उंच इमारतीत ही वाहिनी लांबत जाते, वाटेत पाणी निवते आणि नळाला गरम पाणी येईपर्यंत बरेच पाणी वाया जाते. ते टाळण्यासाठी परतीची वाहिनी व पंप बसवावा लागतो. यावर तोडगा म्हणून गरम पाणी केवळ वरच्या मजल्यांना किंवा प्रत्येक घरातील एकाच न्हाणीघराला देण्याची पद्धत आहे. सर्वांच्या मालकीच्या गच्चीचा लाभ काहींनाच मिळतो, असा आक्षेप यातून निर्माण होतो.

सौर वीज संयंत्राची वायरिंग तुलनेने सोपी असते. त्याची वीज सहसा संस्थेच्या सामायिक मीटरला, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांना जोडली जाते. त्यामुळे प्रत्येक सभासदाचा देखभाल खर्च कमी होऊ शकतो. मात्र घरातील गीझर सदनिकेच्या स्वतंत्र मीटरवर चालतो आणि त्याचे बिल तसेच राहते. लाभ समान वाटला जातो, पण पाणी तापवण्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

=== गच्चीवरील इतर हक्कदार ===

गच्चीवर केवळ सौर संयंत्रांचाच दावा नसतो. गळती रोखण्यासाठी पत्र्याची पावसाळी शेड, भाडे देणारे मोबाइल कंपन्यांचे मनोरे, वाळवणाची जागा आणि उत्सवांचे कार्यक्रम यांनाही तीच जागा हवी असते. सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांना संयंत्राच्या आधारांमुळे जलरोधक थर फुटण्याची भीती वाटते. दुसरीकडे, पॅनलच्या सावलीमुळे उन्हाळ्यात त्यांचेच घर थोडे थंड राहते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडे लवकर गंजत असल्याने देखभालीचा खर्चही वाढतो.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार गच्ची आणि नवीकरणीय ऊर्जेची संयंत्रे ही सामायिक क्षेत्राचा भाग आहेत. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांच्या आत निदर्शनास आलेले बांधकामातील व सेवांतील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावेत, अशी तरतूदही त्यात आहे. त्यानंतर संपूर्ण जबाबदारी संस्थेवर येते. नगररचना विभागाची तपासणी मुख्यतः भोगवटा प्रमाणपत्राच्या टप्प्यावर होते. संयंत्र त्यानंतर चालू आहे की बंद, यावर त्याचा खरा उपयोग ठरतो आणि तो टप्पा परवानगीच्या प्रक्रियेबाहेर राहतो.

=== नियमाबाहेरचे शहर ===

४,००० चौरस मीटरच्या मर्यादेमुळे शहराचा मोठा भाग या बंधनातून सुटतो. सिडकोच्या रो-हाऊस वसाहती, लहान भूखंडांवरील गृहनिर्माण संस्था, प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेतून मिळालेल्या भूखंडांवरील अनेक इमारती आणि गावठाणांतील घरे त्यात येतात. गावठाणांमध्ये गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या नियमितीकरणाचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. ज्या घराच्या मूळ बांधकामालाच मान्यता मिळालेली नाही, त्याच्या गच्चीवरील संयंत्रासाठी गुंतवणूक करणे मालकाला जोखमीचे वाटते. कमी उंचीमुळे दर कुटुंबामागे सर्वाधिक गच्ची याच वस्त्यांत उपलब्ध आहे. सौर बंबासाठी सर्वांत योग्य घरे नियमाबाहेर आणि सर्वांत अवघड मनोरे नियमाच्या आत, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

== हवामान आणि वेळेचा प्रश्न ==

नवी मुंबईत ऊन आणि गरम पाण्याची गरज यांचा मेळ वर्षभर बसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर असते, तेव्हा गरम पाण्याची मागणी सर्वांत कमी असते. जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगाळ असते आणि पाणी तापवण्याची गरज वाढते. त्यामुळे सौर बंबाला विजेची किंवा वायूची जोड द्यावीच लागते. उन्हाळ्यात न वापरलेले गरम पाणी वाया जाते. अतिरिक्त सौर वीज मात्र नेट मीटरद्वारे वितरण जाळ्यात सोडता येते. सौर विजेच्या बाजूने केला जाणारा हा महत्त्वाचा युक्तिवाद आहे.

त्याला दुसरी बाजूही आहे. गीझर प्रामुख्याने सकाळी लवकर लावले जातात, त्या वेळी गच्चीवरील पॅनल फारशी वीज देत नाहीत. २ किलोवॉटचे १०० गीझर एकाच वेळी सुरू झाल्यास २०० किलोवॉटची मागणी निर्माण होते. सौर बंब आदल्या दिवशीचे ऊन टाकीत साठवून ठेवतो, त्यामुळे सकाळचा हा भार वितरण जाळ्यावर पडत नाही. महावितरणने २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरात सवलत लागू केली आहे. या वेळेत पाणी तापवून ते उष्णतारोधक टाकीत साठवल्यास स्वस्त सौर विजेचा लाभ घेता येतो. झटपट गरम पाणी देणाऱ्या टाकीविरहित गीझरला ते शक्य नसते.

हीट पंप हा या दोहोंमधला मार्ग मानला जातो. हे उपकरण हवेतील उष्णता पाण्यात सोडते आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देते. नवी मुंबईच्या उबदार हवेत ते चांगले काम करते. वरील उदाहरणातील ५० युनिट सौर विजेतून अशा पंपाद्वारे सुमारे १५० युनिट उष्णता मिळू शकेल. तेवढ्याच जागेतील सौर बंबांपेक्षा ही उष्णता कमी असली, तरी ती ढगाळ दिवशीही जाळ्यातील विजेवर मिळवता येते. मात्र त्यासाठी सामायिक टाकी, यंत्रासाठी हवेशीर जागा आणि प्रत्येक घराच्या वापराचे मोजमाप यांची सोय इमारतीच्या आराखड्यातच करावी लागते.

== इतर शहरांचा अनुभव ==

इस्रायलने १९८० मध्ये नव्या निवासी इमारतींना सौर बंब सक्तीचे केले, परंतु २७ मीटरपेक्षा उंच इमारतींना त्यातून वगळले. उंचीनुसार तापनाचे साधन बदलावे लागते, याची ही स्पष्ट कबुली होती. बंगळूरमध्ये २००७ पासून ही सक्ती वीजजोडणीशी जोडण्यात आली आणि संयंत्र असलेल्या ग्राहकांना वीजबिलात सवलत देण्यात आली. त्यामुळे अंमलबजावणीचा भार केवळ बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागावर राहिला नाही. पुणे महानगरपालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसारख्या सोयी राबवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते.

जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना जून २०२६ अखेर आणि लहान गावांना जून २०२८ अखेर उष्णता नियोजनाचा आराखडा तयार करण्याची मुदत घालून दिली. कोणत्या वस्तीत कोणत्या मार्गाने उष्णता द्यायची, हे तेथे वस्तीनिहाय ठरवणे अपेक्षित आहे. नवी मुंबईचे हवामान व गरज पूर्णतः भिन्न असली, तरी उष्णतेचा विचार एकेका भूखंडापुरता न करता वस्तीच्या पातळीवर करण्याची ही पद्धत येथेही विचारात घेण्याजोगी आहे.

== मूल्यमापन ==

नवी मुंबईतील वाद वरकरणी सौर बंब की सौर वीज असा दिसतो. प्रत्यक्षात तो गच्चीच्या वाटपाचा आणि जबाबदारीचा वाद आहे. सध्याचा नियम भूखंडाचा आकार आणि गच्चीची टक्केवारी पाहतो. किती कुटुंबांना किती गरम पाणी मिळाले, हे तो पाहत नाही. त्यामुळे नियमाचे पालन झालेल्या इमारतीतही बहुतेक घरांत स्वतंत्र गीझर लागतो आणि त्याचा खर्च भाडेकरूंसह सर्व रहिवाशांवर कायम राहतो.

निकष दर कुटुंबामागील उष्णतेच्या गरजेवर आधारले, तर निरनिराळ्या इमारतींसाठी निरनिराळी उत्तरे पुढे येतात. बैठ्या व चार-पाच मजली घरांत सौर बंब हा जागेच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीचा मार्ग ठरतो. मध्यम उंचीच्या इमारतींत दोन्ही संयंत्रांची विभागणी शक्य असते. उंच मनोऱ्यांची गरज स्वतःच्या गच्चीतून भागत नसल्याने तेथे सामायिक हीट पंप आणि बाहेरून आणलेली नवीकरणीय वीज यांचा आधार घ्यावा लागतो. यासाठी लागणाऱ्या वाहिन्या, टाक्या आणि यंत्रांची जागा इमारत पूर्ण झाल्यावर करणे खर्चिक आणि बऱ्याचदा अशक्य असते. वाशी, नेरूळ आणि इतर जुन्या नोडांतील संस्था आज विकासकांशी पुनर्विकासाचे करार करत आहेत. त्या करारांत व मंजूर होणाऱ्या नकाशांत या सोयींचा समावेश होतो की नाही, यावर शहराच्या पुढील अनेक दशकांच्या ऊर्जावापराचा मोठा भाग अवलंबून आहे.